तुतीची काडी

चार वर्षांपूर्वी माझा जालन्याकडचा मावसभाऊ आमच्याकडे आला, तेव्हा त्याने गाडीच्या डिकीतून सुतळीने बांधलेला एक भारा काढून अंगणात टाकला. वीतभर लांब, पेन्सिलीएवढ्या जाड, करड्या काड्या. मी म्हटलं, "अरे, आमच्याकडे आता बंब कुठे राहिलाय? सरपण कशाला आणलंस?"

"सरपण नाही ताई, बाग आहे ही. नुसती खोच मातीत."

तो रेशीम शेती करतो. दर छाटणीला अशा काड्यांचे ढीग त्याच्या बांधावर पडलेले असतात. जून महिना होता, दोन पाऊस पडून माती मऊ झाली होती. मी कंपाउंडच्या कडेने पाच काड्या खोचल्या आणि विसरून गेले. दहाव्या दिवशी बघते तर तिघींच्या डोळ्यांतून पोपटी कोंब बाहेर आलेले. उरलेल्या दोघी मात्र तशाच, खडखडीत. फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "त्या दोन उलट्या लावल्यास. डोळे जमिनीकडे बघतायत."

आपल्या वेंधळेपणाचं काही वाटायच्या आधी मला त्या काडीचंच नवल वाटलं. दोन्ही टोकं कापलेली, दिसायला सारखी. झाडापासून तोडून चार दिवस झालेले, दीडदोनशे किलोमीटर डिकीत आडवी पडून आलेली. तरी वर कुठलं आणि खाली कुठलं हे ती विसरत नाही?

विसरत नाही, कारण हे तिच्या एकेका पेशीत कोरलेलं असतं. कोवळ्या कोंबात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते एका पेशीतून दुसरीत सरकत शेंड्याकडून बुडाकडे जातं. त्याला बाहेर सोडणारी दारं पेशीच्या बुडाच्या बाजूलाच असतात, त्यामुळे वाहतूक एकेरी. कापलेल्या टोकाशी रस्ता संपतो, ऑक्झिन तिथे साचतं, आणि तिथल्या पेशी आपला जुना धंदा सोडून मुळं करायला लागतात. काडी उलटी खोचली म्हणून हा रस्ता उलटत नाही. मुळांची जागा तीच राहते, फक्त आता ती हवेत असते. माझ्या त्या दोन काड्या आकाशाकडे बूड करून वाळल्या.

ज्या तीन जगल्या त्यांनीही मला एकदा फसवलं. पानं फुटली म्हणजे मुळंही आली असणार असं धरून मी एक काडी कुंडीत हलवायला उपटली. खाली मुळांचा पत्ता नव्हता. पहिली पानं काडीत साठवलेल्या पिठावर, म्हणजे स्टार्चवर येतात. मुळं सावकाश, तीनचार आठवड्यांनी. तेवढा काळ ती काडी घरच्या डब्यावर जगत असते. तेव्हा काडी लावा, तिच्यावरच्या तीन डोळ्यांपैकी दोन मातीत आणि एक वर ठेवा, माती ओलसर राखा, पण बोटं खिशात ठेवा.

आता माझ्या अंगणातल्या झाडाचं वय किती, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. लावून चार वर्षं झाली. पण ते बियांतून उगवलेलं नाही, भावाच्या शेतातल्या झाडाची ती फांदी आहे. त्याच्या शेतातलं झाड कुठल्या तरी आधीच्या झाडाची फांदी. त्याचं वाण व्ही-१, म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेत तयार झालेलं. मराठवाड्यात एकरच्या एकर व्ही-१ उभी आहे, आणि एका अर्थी ते सगळं मिळून एकच झाड आहे, काडीकाडीने पसरलेलं.

याचा परसबागेतल्या माणसाला एक रोकडा उपयोग आहे. काडी हुबेहूब आईसारखी निघते, म्हणून ज्या झाडाचं फळ तुम्ही स्वतः खाल्लं आहे आणि आवडलं आहे त्याचीच काडी मागून आणा. "आमची तुती आंबट आहे, बारीक आहे" अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा रेशमाच्या शेतातली काडी आणलेली असते. तिची निवड झाली ती पाल्यासाठी. भाऊ म्हणतो, "आम्ही पाला मोजतो ताई, फळ मोजत नाही." माझ्याकडेही आधी तेच झाड होतं. पुढे महाबळेश्वरला बाजारात जांभळ्याकाळ्या तुती खाल्ल्यावर शहाणपण सुचलं आणि रोपवाटिकेतून लांब फळाची दुसरी तुती आणली. ती बोटाएवढी लांब येते आणि हिरवट असतानाही गोड लागते. पण खरं सांगू? मला अजून ती आंबटगोड, बुटकी तुतीच आवडते. नुसता गोडवा दोन फळांत कंटाळा आणतो.

फळाकडे नीट बघायचं तर आधी एक फणस डोळ्यांसमोर आणा. तुती आणि फणस एका कुळातले आहेत. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हीसुद्धा त्याच घरची मंडळी. खात्री करायची असेल तर तुतीचं पान देठाशी मोडा, पांढरा चीक येतो. फणस म्हणजे एक फळ नव्हे, शेकडो फुलांची एका दांड्यावर भरलेली सभा, हे कोकणातल्या माणसाला शाळेत न जाताही ठाऊक असतं. एकेक गरा म्हणजे एकेक फूल. गऱ्यांच्या मधल्या ज्या चिवट पात्या आपण टाकून देतो, ती फळ न धरलेली फुलं. तुतीत हीच रचना आहे, फक्त चिमटीत मावेल एवढी. तुतीवरचा प्रत्येक फुगीर मणी एक स्वतंत्र फूल होता. आणि आपण खातो काय? फळ नव्हेच. त्या फुलाच्या चार हिरव्या पाकळ्यावजा दलांनी फुगून, रसाने भरून आतल्या दाण्याभोवती घट्ट मिठी मारलेली असते, तो रस आपण खातो. खरं फळ म्हणजे दाताखाली येणारा बारीक कण. भिंग असेल तर मण्यावर दोन सुकलेले केसही दिसतील. परागकण झेलायला फुलाने बाहेर काढलेले ते हात.

परागकण मिळाले नाहीत तरी बऱ्याच जातींचं काही अडत नाही, फळ तसंच धरतं, बी तेवढं पोकळ राहतं. म्हणून घरी एकच झाड असलं तरी चालतं. आणि तुतीच्या घरात नरमादीचा हिशोबही सैल आहे. काही झाडं नर, काही मादी, काहींवर दोन्ही प्रकारची फुलं.

नर झाड फळ देत नाही म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. त्यांनी ते काय करतं हे बघितलेलं नसतं, कारण ते डोळ्यांना दिसतच नाही. नर फुलांच्या लोंब्या असतात, बोटाच्या पेराएवढ्या, हिरवट, कुणी ढुंकून बघणार नाही अशा. प्रत्येक फुलात चार पुंकेसर आतल्या बाजूला वाकवून दाबून ठेवलेले असतात, धनुष्याची कांब ताणून बांधावी तसे. सकाळचं ऊन पडतं, हवा कोरडी होते, बंध सुटतो आणि पुंकेसर ताडकन सरळ होतो. परागकणांची एक चिमूट हवेत उडते. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेतल्या संशोधकांनी २००६ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने हे पांढऱ्या तुतीवर मोजलं. पुंकेसर सुटायला किती वेळ लागतो? एका सेकंदाचा दशलक्षावा भाग घ्यावा आणि असे पंचवीस भाग मोजावेत, तेवढा वेळ. वेग आवाजाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त. वनस्पतींच्या ज्ञात हालचालींत याहून चपळ काही तोवर नोंदलं गेलं नव्हतं. आपली पापणी एकदा लवायला सेकंदाचा दहावा भाग धरला, तर तेवढ्यात एकामागून एक असे चार हजार पुंकेसर सुटून होतील.

आणि हे सगळं ज्या झाडाला आपण स्थावर म्हणतो, त्याच्या फांदीवर, आपल्या डोक्यावर, आवाज न करता. वारा पडलेल्या कोरड्या सकाळी लोंब्यांनी भरलेल्या झाडाखाली उभं राहिलं तर उन्हाच्या तिरिपेत मधूनच धुरासारखा एक बारीक लोट दिसतो. मी तो दोनदा बघितला आहे. तिसऱ्यांदा बघायला गेले आणि पटापट शिंका आल्या. ज्यांना परागांचा त्रास होतो त्यांनी नर झाड खिडकीजवळ लावू नये हे त्या दिवशी कळलं.

रेशमाबद्दल न बोलता तुतीबद्दल लिहिणं म्हणजे विठोबा वगळून पंढरपूर सांगण्यासारखं आहे. मागच्या हिवाळ्यात भावाच्या रेशीमअळ्यांच्या संगोपनगृहात गेले होते. शेवटच्या टप्प्यातल्या अळ्या होत्या, बोटाएवढ्या, दुधी पांढऱ्या, हजारोंनी. त्यांच्यावर त्याने तुतीच्या आख्ख्या फांद्या पसरल्या. क्षणभर शांतता. मग पत्र्यावर भुरभुर पाऊस पडायला लागावा तसा आवाज सुरू झाला आणि वाढत गेला. मी दाराबाहेर बघितलं, आभाळ निरभ्र होतं. तो खाण्याचा आवाज होता. अळी अंड्यातून निघते तेव्हा काळ्या मुंगीसारखी असते. पंचवीसेक दिवसांत चार वेळा कात टाकून तिचं वजन सुमारे दहा हजार पटीने वाढतं. शेवटच्या आठवडाभरात ती जवळजवळ सगळं जेवण जेवून घेते, कारण पुढे आयुष्यात तिला पुन्हा खायचंच नसतं. मग शेतकरी तिला चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर सोडतात. ती डोकं इंग्रजी आठाच्या आकड्यात हलवत दोनतीन दिवस स्वतःभोवती सूत गुंडाळते. एका कोषातला तो एकसंध धागा किलोमीटरच्या आसपास भरतो.

ती तुतीच का खाते? अंगणात चिंच आहे, शेवगा आहे, पेरू आहे. शास्त्रज्ञांनी हा प्रश्न उलटा करून विचारला, की तुती बाकीच्या अळ्या का खात नाहीत? उत्तर त्या पांढऱ्या चिकात निघालं. जपानमधले कोतारो कोन्नो आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ सालीच दाखवलं की तुतीच्या चिकात साखरेचं सोंग घेणारी द्रव्यं भरपूर असतात. रेणूची घडण साखरेसारखी, पण साखर नव्हे. अळीच्या पोटातली साखर पचवणारी विकरं या तोतयाला धरून बसतात आणि खरी साखर पचायची राहून जाते. पोट भरलेलं, अंगी काही लागत नाही. एरंडावर वाढणाऱ्या एरी रेशमाच्या अळ्यांना त्यांनी तुतीचा पाला दिला, त्या वाढेनात. पान बारीक चिरून चीक धुऊन काढलं, तेव्हा वाढल्या. रेशीमकिड्याने मात्र या कुलुपाची दुसरी किल्ली करून घेतली आहे. त्याच्याकडे साखर फोडणारं एक असं विकर आहे, जे या तोतयाला भुलत नाही. जे पान इतरांना उपाशी मारतं, ते त्याच्यासाठी राखीव ताट झालं.

तुतीचा हा तोतया माणसाच्या औषधातही आहे. मधुमेहात जेवणानंतरची साखर एकदम चढू नये म्हणून मिग्लिटॉल नावाची गोळी देतात, ती याच रेणूत थोडा फेरफार करून बनवलेली आहे. हे वाचून कुणी पानांचा काढा करायला घेऊ नये. गोळीचं माप डॉक्टर ठरवतात, काढ्याचं माप शेजारीण.

अळीला तुतीकडे ओढणारा वासही सापडला आहे. पानातून सिस-जॅस्मोन नावाचं द्रव्य हवेत सुटतं, तेच जे जाई-चमेलीच्या सुगंधात असतं आणि ज्याला त्यांच्यावरूनच नाव मिळालं. अगदी थोडं असलं तरी अळी त्याच्या दिशेने चालू लागते. आपल्याला तुतीच्या पानाला गवताखेरीज कसलाच वास येत नाही. मी बरेचदा नाक लावून पाहिलं.

असो. अंगणात परतू या, कारण खरी कसोटी तिथे आहे. आपल्याकडे तुती लावतात खूप आणि छाटतात फार थोडे लोक. झाड दोन वर्षांत गच्चीच्या वर जातं, फळं शेंड्याला, ती बुलबुल, कोकीळ आणि साळुंक्या खातात, खाली फक्त डाग पडतात. मग एक दिवस "घाण करतं" म्हणून झाड बुडापासून उडवतात. यात झाडाचा दोष काही नाही. हे छाटून घेणारं झाड आहे. शेतकरी वर्षातून चारपाच वेळा त्याला कापतो आणि ते दर वेळी जोमाने परत येतं.

कारण पुन्हा तेच ऑक्झिन. फांदीचा शेंडा शाबूत असेपर्यंत तिथून खाली उतरणारं ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना डोकं वर काढू देत नाही. शेंडा कापला की ती थोरल्याची दटावणी संपते आणि खालचे चारसहा डोळे एकदम जागे होतात. तुतीत त्या डोळ्यांच्या आत कोवळ्या पानांच्या सोबतीने फुलंही घडी घालून ठेवलेली असतात. म्हणून नवा धुमारा म्हणजे नवं फळ. मी दिवाळीनंतर खांद्याच्या उंचीवर सगळ्या फांद्या छाटते, राहिलेली पानं ओरबाडून काढते, आळ्यात दोन पाट्या शेणखत घालते. पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. "फळतं झाड कुणी असं बोडकं करतं का गं?" पंधरा दिवसांत काड्यांवर कोंब आले आणि प्रत्येक कोंबाच्या बगलेत हिरव्या सुरवंटासारखी इवली फुलोऱ्याची गुंडी. पानाआधी फळ दिसायला लागलं. दोनेक महिन्यांत सासूबाई स्वतः वाटी घेऊन झाडाखाली उभ्या होत्या.

वाटी घेऊनच उभं राहावं लागतं, कारण पिकलेली तुती हात लागताच पडते आणि संध्याकाळपर्यंत पाणी सोडते. म्हणूनच ती फळवाल्याच्या गाडीवर क्वचित दिसते. आंबा कोकणातून दिल्लीला जातो, तुती फाटकातून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत चेपते. ज्याच्या दारी झाड, त्यालाच ती खायला मिळते.

पहिल्याच मोसमात माझ्या भाच्याने शाळेचा पांढरा शर्ट जांभळा करून आणला. डाग काढायच्या खटपटीत आम्हाला एक खेळ सापडला. वाटीत तुतीचा रस घ्या, लिंबू पिळा, रस लालभडक होतो. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, रस निळा, मग हिरवट होतो. त्या रंगद्रव्याचा रेणू आंबटपणा बघून आपला रंग ठरवतो. म्हणून साबण लावल्याबरोबर डाग निळा पडला आणि वहिनी घाबरली. डागावर कच्ची हिरवी तुती चोळली की तो जातो असं जुन्या बायका सांगतात. आम्ही चोळली, डाग फिका झाला, गेला नाही. तो शर्ट आता तुती काढायचा शर्ट म्हणून खुंटीला असतो.

कीड म्हणाल तर शेंड्याची पानं आक्रसून, गुंडाळून, गडद हिरवी होतात, त्याला रेशीमवाले तुक्रा म्हणतात. आत गुलाबी पिठ्या ढेकूण बसलेला असतो. तो शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवला की घरच्या झाडापुरतं भागतं. फवारणी नको, निदान जिथून अळ्यांना किंवा पोरांना पाला-फळ द्यायचं तिथे तर नकोच. २००८ च्या सुमारास पपईवरचा पिठ्या ढेकूण तमिळनाडूत उतरला आणि त्याने तुतीची शेतं पांढरी केली, तेव्हाही फवारण्या थकल्या होत्या. शेवटी २०१० मध्ये पोर्टो रिकोहून एक परोपजीवी गांधीलमाशी आणली, मुंगीहून लहान, आणि तिने तो आटोक्यात आणला.

मुळं मात्र जोरकस असतात, ती पाण्याचा माग काढत जातात. त्या पहिल्या काड्यांतली एक तुती मी भिंतीला चिकटून लावली होती, ती तिसऱ्या वर्षी फरशी उचलायला लागली आणि काढावी लागली. तिच्या फांद्यांच्या मी चाळीस काड्या केल्या आणि वाड्यातल्या, ऑफिसातल्या, ज्याने हो म्हटलं त्या प्रत्येकाला दिल्या. झाड गेलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

जागा नसेल तर जुन्या ड्रमातही तुती फळते, फक्त छाटणी चुकवू नका. जागा असेल तर भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपापासून दहाबारा फूट सोडा. जूनमध्ये दोन पाऊस पडू द्या, फळ चाखलेल्या झाडाची काडी मागा, डोळे वर करून खोचा. आणि कपडे वाळत घालायची दोरी आत्ताच दुसऱ्या बाजूला बांधून घ्या.